सरकणारी पानं आणि न सरकणारा कागद

शाळेतल्या संगणकावर तीनशे-चारशे पानांचा एखादा मजकूर उघडा आणि माऊसचं चाक फिरवा. पानं एकामागून एक वर सरकू लागतात. बाराव्या पानाचा तळ वर जातो, मध्ये करड्या रंगाची फट दिसते आणि खालून तेरावं पान डोकावतं. जणू काचेमागे एक लांबच लांब कागद आहे आणि कुणीतरी तो हळूहळू ओढतंय. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही.

तरी विचारून बघू. तो लांब कागद ठेवलाय कुठे? आपण चाक फिरवल्यावर नेमकं काय सरकतं?

उत्तर जरा चमत्कारिक आहे. असा कागद नसतो आणि बहुतेक वेळा काही सरकतही नाही. मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, मजकुराचा एक हिशेब ठेवतो आणि त्या हिशेबावरून दर वेळी पडद्यावर दिसेल तेवढंच चित्र काढतो. अखंडपणा चित्रात नसतो, तो हिशेबात असतो. हा हिशेब कसा ठेवतात, तो कुठे चुकू शकतो आणि चुकला तर वाचणाऱ्याचं काय नुकसान होतं, हे या लेखात पाहू. यात लागणारं गणित बेरीज-भागाकाराच्या फारसं पलीकडे जात नाही, त्यामुळे आठवी-नववीच्या वर्गातही हा विषय घेता येईल.

पान उलटणं आणि पान सरकणं

पानांचा मजकूर पडद्यावर दाखवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत एका वेळी एकच पान दिसतं. बटण दाबलं की ते जातं आणि त्याच्या जागी पुढचं येतं. दुसऱ्या रीतीत पानं एकाखाली एक लावलेली असतात आणि खिडकी त्यांच्यावरून कुठेही थांबू शकते.

पहिली रीत सोपी आहे, पण तिचा जाच कधी होतो? समजा, भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत आकृती तिसऱ्या पानाच्या तळाशी आली आणि तिच्यावरचा प्रश्न चौथ्या पानाच्या माथ्यावर गेला. पान उलटलं की आकृती नाहीशी, मागे आलं की प्रश्न नाहीसा. दुसऱ्या रीतीत खिडकी दोन्ही पानांच्या मध्ये थांबवता येते आणि दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

आपल्याकडे कागदावरही या दोन्ही रीती होत्या. पोथीची पानं सुटी असायची, एक वाचून झालं की बाजूला ठेवायचं. जुन्या जन्मपत्रिका मात्र लांब पट्टीच्या गुंडाळ्या असत, एका बाजूने उलगडत जायच्या. अखंड सरकणारी पानं म्हणजे पोथीची पानं पत्रिकेसारखी एकाखाली एक चिकटवणं. पानांचे समास, पानांचे आकडे तसेच राहतात, त्यामुळे छापल्यावर काय कुठे येईल हे कळतं. पण वाचताना खंड पडत नाही.

संगणकावर हे लगेच शक्य झालं नाही. १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० या गाजलेल्या टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी मावत, नेहमीच्या मांडणीत एका ओळीत ८० अक्षरं. तळाशी नवी ओळ आली की बाकीच्या सगळ्या एक ओळभर वर उडी मारत. ही उडी डोळ्यांना खुपते, म्हणून त्या यंत्रात ओळी हळूवार वर सरकवण्याचीही सोय दिली होती. पडद्यावर खऱ्या पानासारखं पान दाखवण्याचं काम त्याच दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सुरू झालं होतं. तिथल्या १९७३ च्या आल्टो संगणकाचा पडदा कागदासारखा उभा होता, ६०६ ठिपके रुंद आणि ८०८ ठिपके उंच. त्याच्यावर बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये ब्राव्हो नावाचा एडिटर केला. छापल्यावर जसं दिसेल तसंच पडद्यावर दिसावं, ही कल्पना तिथे रुजली.

पुठ्ठ्याची खिडकी : एक प्रयोग

पुढचं समजायला वर्गात एक छोटा प्रयोग करा. पुठ्ठ्याला चार ओळी दिसतील एवढी आडवी खाच पाडा. एका लांब कागदी पट्टीवर सारख्या अंतरावर चाळीस ओळी लिहा आणि त्यांना १ ते ४० आकडे द्या.

पहिली पायरी. पट्टी खाचेमागे धरून वर ओढा. ओळी सरकताना दिसतील.

दुसरी पायरी. पट्टी टेबलावर पसरून ठेवा आणि पुठ्ठा तिच्यावरून खाली न्या. खाचेतून पाहणाऱ्याला तेच दिसेल. म्हणजे कागद वर जाणं आणि खिडकी खाली येणं, दोन्ही एकच.

तिसरी पायरी महत्त्वाची आहे. आता पट्टी काढून घ्या. खाचेमागे एक छोटी पाटी ठेवा आणि पाटीजवळ एका मुलीला बसवा. तिच्याकडे चाळीस ओळींची वही आहे. समोरचा मुलगा फक्त एक आकडा सांगतो, "सतरा". मुलगी पाटी पुसते आणि ओळ १७ ते २० लिहिते. तो म्हणतो, "अठरा". ती पुसून १८ ते २१ लिहिते. तिने हे पुरेसं भराभर केलं, तर खाचेतून पाहणाऱ्याला पट्टी सरकल्याचाच भास होईल.

एडिटर म्हणजे ही पाटीवरची मुलगी. तिला दोनच गोष्टी लागतात: मजकुराची वही आणि खिडकी कुठे आहे हे सांगणारा एक आकडा. बाकी सगळं त्या एका आकड्यावरून काढता आलं पाहिजे.

सगळी पानं आधीच का काढून ठेवत नाहीत?

वर्गातला एखादा विद्यार्थी विचारेल, की सगळ्या पानांची चित्रं एकदाच काढून ठेवली तर? हिशेब करून पाहू.

इंचाला ९६ ठिपके (पिक्सेल) धरले तर ए-४ आकाराचं पान ७९४ ठिपके रुंद आणि ११२३ ठिपके उंच होतं. म्हणजे एका पानात ८,९१,६६२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाईट लागतात. एका पानाचं चित्र सुमारे ३५ लाख ६६ हजार बाईटचं झालं. असं ५०० पानांचं पुस्तक असेल तर सुमारे १७८ कोटी बाईट.

आता मजकूर पाहा. एका पानावर दोनेक हजार अक्षरचिन्हं धरू. युनिकोडच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाईट लागतात. म्हणजे पानाला सुमारे ६ हजार आणि सगळ्या पुस्तकाला ३० लाख बाईट. चित्रांना मजकुराच्या सुमारे सहाशे पट जागा लागते! शिवाय अक्षराचा आकार बदलला किंवा पहिल्या पानावर एक ओळ घातली, की सगळी चित्रं रद्दीत.

उलट १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका वेळी जे दिसतं त्याला जेमतेम ८३ लाख बाईट पुरतात, मग पुस्तक पन्नास पानांचं असो की पाच हजार. म्हणून नियम असा: मजकूर सगळा ठेवायचा, चित्र दिसेल तेवढंच काढायचं.

कोणतं पान, किती आत?

आता पाटीवरच्या मुलीचं काम आकड्यांत पाहू. पहिल्या पानाची वरची कड म्हणजे शून्य. प्रत्येक पान ११२३ ठिपके उंच आणि दोन पानांमध्ये २० ठिपक्यांची फट. म्हणजे दर ११४३ ठिपक्यांनंतर नवं पान. खिडकीची उंची ९०० ठिपके आहे आणि तिची वरची कड शून्यापासून २,५०,००० ठिपके खाली आहे. काय दिसेल?

२,५०,००० ला ११४३ ने भागा. भागाकार २१८, बाकी ८२६. म्हणजे २१८ पानं पूर्ण मागे गेली, आपण २१९ व्या पानावर आहोत आणि त्याच्या कडेपासून ८२६ ठिपके आत. त्या पानाचे ११२३ उणे ८२६, म्हणजे २९७ ठिपके उरले. मग २० ची फट. राहिलेल्या ५८३ ठिपक्यांत २२० व्या पानाचा वरचा भाग. बेरीज करा: २९७, २० आणि ५८३ मिळून बरोबर ९००.

एका भागाकारात ५०० पानांपैकी कोणती दोन काढायची ते कळलं. बाकीच्या ४९८ पानांकडे बघावंही लागलं नाही.

उंची सारखी नसेल तेव्हा

पण मध्येच एखादं आडवं पान आलं, मोठा तक्ता असलेलं, तर? किंवा पानांच्या कडा न दाखवता नुसते परिच्छेद एकाखाली एक दाखवायचे असतील तर? उंची सारखी नाही, म्हणून भागाकार चालत नाही. इथे चढत्या बेरजेचा तक्ता लागतो.

आठ परिच्छेद घेऊ. त्यांच्या उंच्या अनुक्रमे ४०, १२०, ६०, २००, ८०, २०, १६० आणि १००. प्रत्येकाची सुरुवात कुठे होते? आधीच्या सगळ्यांची बेरीज करायची: ०, ४०, १६०, २२०, ४२०, ५००, ५२०, ६८०. शेवट ७८० वर. खिडकीची कड ४५० वर असेल, तर ४५० पेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी सुरुवात शोधायची. ती ४२०. म्हणजे पाचवा परिच्छेद, ३० ठिपके आत.

हा शोध पहिल्यापासून एकेक आकडा बघत करायची गरज नाही. मनातला आकडा ओळखायचा खेळ मुलांना माहीत असतो. दर वेळी "मधल्यापेक्षा मोठा की लहान?" असं विचारलं तर १ ते १००० मधला आकडा दहा प्रश्नांत सापडतो, कारण दोनचा दहावा घात १०२४ आहे. दहा लाख परिच्छेद असले तरी वीस प्रश्न पुरतात.

वर एक ओळ वाढली तर

वाचण्यापुरतं हे ठीक आहे. एडिटरमध्ये मात्र लिहायचंही असतं. दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ वाढली आणि त्याची उंची १२० ची १४० झाली. आता तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सगळ्यांच्या सुरुवाती २० ने बदलल्या. आठ परिच्छेदांत सहा बेरजा हे काही फार नाही. पण लाख परिच्छेदांच्या मजकुरात वरच्या बाजूला ओळ वाढली की लाखभर बेरजा कराव्या लागतील, आणि पुढची ओळ वाढली की पुन्हा तेवढ्याच.

यातून सुटका कशी होते, ते जनगणनेच्या उदाहरणावरून पाहू. गावाची लोकसंख्या, तालुक्याची, जिल्ह्याची आणि राज्याची असे चार आकडे ठेवलेले असतात. एका गावात एक मूल जन्मलं तर किती आकडे बदलावे लागतात? चारच. शेजारच्या जिल्ह्यांना हात लावावा लागत नाही.

परिच्छेदांचंही असंच करतात. दोन-दोन परिच्छेदांची बेरीज, चार-चारांची, मग आठांची, अशी बेरजांची उतरंड रचतात. आपल्या उदाहरणात पहिल्या चारांची बेरीज ४२०, दुसऱ्या चारांची ३६०. आता ४५० वर कोण आहे? पहिले चार ४२० व्यापतात, म्हणजे आपण दुसऱ्या गटात, उरले ३०. त्या गटातली पहिली जोडी १०० व्यापते, ३० तिच्यातच आलं. जोडीतला पहिला ८० व्यापतो, तोच आपला पाचवा परिच्छेद, ३० आत. तीन प्रश्नांत उत्तर. आणि एका परिच्छेदाची उंची बदलली तर उतरंडीतले त्याच्या वरचे आकडे तेवढे बदलायचे. लाख परिच्छेदांसाठी अशा सतराच पायऱ्या होतात. लाख बेरजांऐवजी सतरा!

संगणकशास्त्रात या रचनेला झाड म्हणतात. चढत्या बेरजांसाठी अशी एक आटोपशीर रचना पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये मांडली. त्यांच्यासमोरचं काम माहिती दाबून लहान करण्याचं होतं, एडिटरचं नव्हतं. पण एका कामासाठी सुचलेली युक्ती दुसरीकडे उपयोगी पडते, असं गणितात नेहमीच होतं.

देवनागरीची ओळ कुठे तुटते?

आतापर्यंत आपण प्रत्येक परिच्छेदाची उंची माहीत आहे असं धरून चाललो. ती कळते कशी? परिच्छेदाच्या ओळी पाडून बघाव्या लागतात. आणि ओळ कुठे तुटते ते ठरवायला प्रत्येक शब्दाची रुंदी मोजावी लागते.

रुंदी अक्षरं मोजून कळत नाही. "कमळ" या शब्दात तीन चिन्हं आहेत आणि ती तीन अक्षरांची जागा घेतात. "स्त्री" हा शब्द संगणकात सहा चिन्हांनी साठवलेला असतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. पण पडद्यावर त्याचं एकच जोडाक्षर होतं. "कि" लिहिताना क आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी आधी काढावी लागते. कोणत्या चिन्हांची मिळून कोणती आकृती होते, हे टंकाच्या नियमांवरून ठरवणारा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. हार्फबझ हा त्यातला एक, तो सर्वांना मोफत उपलब्ध आहे. या कामाला वेळ लागतो.

परिच्छेदाची उंची निदान त्याच्या स्वतःच्या मजकुरावरून ठरते. पानांचं तसं नाही. तीनशेवं पान कोणत्या ओळीपासून सुरू होणार, हे आधीच्या २९९ पानांवर काय मावलं त्यावर अवलंबून असतं. मजकूर उघडताक्षणी सगळी पानं पाडत बसलं तर वाचणाऱ्याला ताटकळावं लागेल.

म्हणून बरेच एडिटर अंदाज बांधतात. न मोजलेल्या परिच्छेदाची उंची त्याच्या लांबीवरून अदमासे धरायची, दिसणारा भाग खरा मोजायचा आणि संगणक रिकामा असेल तेव्हा बाकीचा मोजत जायचा. मोठा मजकूर उघडल्यावर तळाशी पानांची एकूण संख्या काही वेळ बदलत राहते, ते तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा एडिटर अंदाजांच्या जागी खऱ्या उंच्या भरत असतो.

वाचणाऱ्याची जागा

इथेच खरी अडचण उभी राहते. वरच्या भागाची उंची बदलली की खालचं सगळं सरकतं, आणि त्यात तुम्ही वाचत असलेली ओळही आली.

मघाचं उदाहरण घ्या. खिडकीची कड ४५० वर होती, म्हणजे पाचव्या परिच्छेदात ३० ठिपके आत. आता तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून तुमचे सहकारी दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ घालतात. पाचवा परिच्छेद आता ४४० वर सुरू होतो. एडिटरने "४५०" हा आकडा धरून ठेवला, तर तुम्ही परिच्छेदात १० ठिपकेच आत उरलात. तुम्ही काही केलं नाही, तरी वाचत होता ती ओळ २० ठिपके खाली घसरली. असं दर दोन सेकंदांनी झालं तर वाचणंच अशक्य.

उपाय काय? जागा लक्षात ठेवण्याची रीत बदलायची. "गावापासून तीन किलोमीटरवरचं घर" असा पत्ता दिला आणि रस्त्याला नवं वळण पडलं, की पत्ता चुकतो. "वडाच्या झाडाशेजारचं घर" हा पत्ता रस्ता बदलला तरी चुकत नाही. एडिटरने "वरून ४५० ठिपके" हे न धरता "पाचव्या परिच्छेदात ३० आत" हे धरावं. वर ओळ वाढली की नव्या हिशेबाने ४४० अधिक ३०, म्हणजे ४७०. एडिटर आपला आतला आकडा ४५० चा ४७० करतो आणि पडद्यावर काहीच हलत नाही. चित्र स्थिर राहण्यासाठी आकडा बदलावा लागतो, ही यातली गंमत आहे. या रीतीला नांगर टाकणं म्हणतात. वेबपानं पाहण्याच्या क्रोम ब्राउझरमध्ये ही सोय २०१७ मध्ये आली.

ही फक्त सोयीची गोष्ट नाही. वर्गात एखाद्या मुलाला कमी दिसतं. तो अक्षर दुप्पट मोठं करतो. त्याबरोबर सगळ्या ओळी नव्याने तुटतात, सगळ्या उंच्या बदलतात. इथे "३० ठिपके आत" हाही पत्ता पुरत नाही, "पाचव्या परिच्छेदातलं बासष्टावं अक्षर" असा धरावा लागतो. एडिटरने तो धरला नसेल, तर मूल अक्षर मोठं करतं आणि भलत्याच पानावर जाऊन पडतं. बाकीचा वर्ग पुढे जातो, हा आपली ओळ शोधत बसतो.

दुसरी एक गोष्ट. चित्र दिसेल तेवढंच काढायचं हे खरं, पण मजकूर सगळा हाताशी हवा. काही वेबपानांवर खिडकीबाहेरचं चित्र टाकून देताना तिथला मजकूरही पानातून काढून टाकतात. मग ब्राउझरमध्ये शब्द शोधला तर तो मजकुरात असूनही "सापडला नाही" असं उत्तर येतं. अंध विद्यार्थ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅमही तिथे अडखळतात. ज्याला चित्र दिसतच नाही, त्याच्यासाठी मजकूर हेच पान आहे.

एका सेकंदात साठ वेळा

पाटीवरच्या मुलीला किती भराभर लिहावं लागतं? सर्वसाधारण पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पान शोधणं, ओळी पाडणं, अक्षरं काढणं झालं नाही, तर सरकण्यात गचके जाणवतात.

इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. खिडकी ९०० ठिपके उंच आहे आणि मजकूर ६० ठिपके वर सरकला. आधीच्या चित्रातले ८४० ठिपके उंचीचे भाग अजून दिसायचेच आहेत, फक्त ६० वर. ते तसेच उचलून वर ठेवायचे आणि तळाची ६० ठिपक्यांची पट्टी तेवढी नवी काढायची. काम पंधराव्या हिश्शावर आलं. पडद्याचा एक चौकोन उचलून दुसरीकडे ठेवण्याची झटपट क्रिया झेरॉक्सच्याच केंद्रात डॅन इंगल्स यांनी १९७५ मध्ये रचली. तिला बिटब्लिट म्हणतात. लेखात सुरुवातीला "बहुतेक वेळा काही सरकत नाही" असं म्हटलं, त्याला हा अपवाद. आज चित्रांचं काम करणारा वेगळा प्रोसेसर काढलेल्या भागांचे फरशांसारखे तुकडे जपून ठेवतो आणि हवे तसे मांडतो.

खिडकीच्या वरचं आणि खालचं एकेक पान आधीच काढून ठेवण्याचीही पद्धत आहे. कुणी फारच भराभर सरकवलं तर आधी कोरी पानं दाखवायची आणि अक्षरं मागून भरायची. क्षणभर कोरं पान दिसणं चालतं, पडदा गोठलेला चालत नाही.

उजवीकडची पट्टी खरं बोलते का?

खिडकीच्या उजवीकडची स्क्रोलपट्टी दोन गोष्टी सांगते: आपण कुठे आहोत आणि मजकूर केवढा आहे. तिच्यातला सरकता ठोकळा पट्टीच्या मानाने तेवढाच असायला हवा, जेवढी खिडकी सगळ्या मजकुराच्या मानाने आहे.

आपल्या ५०० पानांची एकूण उंची ५,७१,४८० ठिपके. खिडकी ९००. पट्टी ८०० ठिपके लांब असेल तर ठोकळा किती? त्रैराशिक मांडा, उत्तर सव्वा ठिपका! एवढासा ठोकळा माऊसने पकडता येणार नाही. म्हणून तो निदान २० ठिपके ठेवतात. मग त्याला फिरायला ७८० ठिपके उरतात आणि तेवढ्यात ५,७०,५८० ठिपके पार करायचे. म्हणजे ठोकळा एक ठिपका हलला की मजकूर सुमारे ७३१ ठिपके पळतो, जवळजवळ दोन तृतीयांश पान. मोठ्या मजकुरात पट्टी ओढून नेमक्या ओळीवर का थांबता येत नाही, त्याचं कारण हे. म्हणून ओढताना शेजारी "पान २१९" असा आकडा दाखवणं उपकारक ठरतं.

सगळं एकत्र

एडिटरचं काम थोडक्यात असं:

१. वाचणाऱ्याची जागा मजकुरातल्या अक्षराने धरायची.
२. उंच्यांच्या बेरजांची उतरंड ठेवायची, न मोजलेल्या उंच्यांच्या जागी अंदाज.
३. खिडकीच्या कडेवरून पहिलं दिसणारं पान शोधायचं आणि खिडकी भरेपर्यंत पुढची घ्यायची.
४. त्यांच्या ओळी खऱ्या मोजायच्या आणि अंदाज चुकला असेल तर हिशेब सुधारायचा.
५. धरलेलं अक्षर होतं तिथेच राहील असा आतला आकडा बदलायचा आणि मग चित्र काढायचं.

यातली पाचवी पायरी गाळली तरी पानं सरकतात. दाखवण्यापुरता एडिटर चांगला चालतो. फरक कळतो तो मन लावून वाचणाऱ्याला, वरचा मजकूर बदलत असताना.

वर्गात विचारण्यासारखे प्रश्न

१. खिडकीची कड १,००,००० वर आहे. लेखातल्या मापांनी कोणती पानं दिसतील आणि प्रत्येकाचे किती ठिपके? (एक पान की दोन, ते आधी ओळखायला सांगा.)

२. पाचव्या पानावर तीन ओळी वाढल्या. पुढची सगळी पानं बदलतीलच का? प्रत्येक धडा नव्या पानावर सुरू होत असेल तर बदल कुठे थांबू शकेल?

३. ज्या परिच्छेदावर नांगर टाकला, तोच कुणी पुसून टाकला तर एडिटरने काय करावं? याला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना आपापल्या उत्तराची कारणं द्यायला सांगा.

४. पाटीच्या प्रयोगात वही धरणाऱ्या मुलीला न कळवता वहीत मध्येच दोन ओळी घुसवा. समोरच्या मुलाला काय दिसतं? त्याला तीच ओळ दिसत राहावी म्हणून तिने कोणता आकडा बदलायला हवा?

चौथा प्रश्न सोडवून दाखवणाऱ्या वर्गाला या लेखातली मुख्य गोष्ट समजली असं खुशाल समजावं.